डोळ्याची खोबण : चार भिंती आणि एक उघडे दार

यकृत कोणत्या बाजूला आहे, मूत्रपिंडे कुठे असतात, असे विचारले तर शिकलेली माणसेही थोडी अडखळतात. डोळा कुठे आहे हे मात्र दोन वर्षांचे मूलही बोट लावून दाखवते. पण वाचकहो, आरशात आपल्याला दिसतो तो डोळ्याचा फार तर सहावा हिस्सा असतो. बाकीचा सगळा डोळा हाडांच्या खोबणीत दडलेला असतो.

या खोबणीची आणि डोळ्याची रचना आज समजावून घेऊ. शरीररचना हा विषय रुक्ष वाटतो हे खरे. पण डोळ्याची रचना एकदा डोक्यात बसली की कोणत्या तक्रारीत दोन दिवस थांबले तरी चालते आणि कोणत्या तक्रारीत दोन तासही थांबू नये, हे आपले आपल्याला उमगते. एरवी लोक नेमके उलटे वागतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रक्ताचा निरुपद्रवी डाग दिसला की रात्री अकरा वाजता डॉक्टरचे दार ठोठावतात, आणि बुबुळाला उसाचे पाते लागले असेल तर आठ-आठ दिवस घरगुती उपाय करीत बसतात.

मी नेत्रतज्ज्ञ नव्हे, साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. परंतु लहान गावात डोळ्याचा रुग्ण पहिल्यांदा आमच्यासारख्यांकडेच येतो, आणि त्याच्याही आधी तो घरच्या माणसांच्या हातात असतो. आजचा लेख त्या पहिल्या हातांसाठी आहे.

सात हाडांची खोबण

भुवईखाली बोट टेकवा आणि डोळ्याभोवती गोल फिरवा. बोटाला लागते ती टणक कड म्हणजे खोबणीचा उंबरठा. ही कड सुमारे ४ सेंटिमीटर रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर उंच असते. आत खोबण मागे मागे निमुळती होत जाते. चणे-फुटाण्यांची कागदी पुडी आडवी धरावी तसा हा आकार असतो. पुडीचे तोंड पुढे, टोक मागे. खोली सुमारे ४ ते साडेचार सेंटिमीटर.

ही पुडी सात हाडांच्या तुकड्यांनी सांधलेली असते. वर कपाळाचे हाड, बाहेरच्या बाजूला गालाचे हाड, खाली वरच्या जबड्याचे हाड, नाकाच्या बाजूला नखाएवढे छोटे अश्रूपिशवीचे हाड व त्यामागे चाळणीसारखे सच्छिद्र हाड, पाठीमागे पाचरीसारखे हाड, आणि अगदी कोपऱ्यात टाळूच्या हाडाचा छोटासा तुकडा.

खोबणीत सुमारे ३० मिलिलिटर जागा असते, म्हणजे औषधाचे सहा चमचे. प्रत्यक्ष डोळा फक्त साडेसहा मिलिलिटरचा, म्हणजे जेमतेम सव्वा चमचा. त्याचा व्यास सुमारे २४ मिलिमीटर असतो, जवळपास पाच रुपयांच्या नाण्याएवढा. उरलेल्या जागेत चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या, नसा आणि अश्रूंची ग्रंथी असते.

या तटबंदीत निसर्गाने एक तडजोड केलेली आहे. एखाद्याच्या चेहऱ्याकडे बाजूने पाहा. वरची कड डोळ्याच्या पुढे आलेली दिसेल, पण कानाकडची कड बरीच मागे असते. त्यामुळे मान न वळवता आपल्याला बाजूचे पुष्कळ दिसते. हा फायदा. तोटा असा की बाहेरच्या बाजूने डोळा उघडा पडतो. बाभळीची फांदी, जनावराचे शिंग, दुचाकीवर जाताना बाजूने आलेला खडा, यांना तिथून वाट मिळते.

आणखी एक गोष्ट आईवडिलांनी लक्षात ठेवावी. क्रिकेटचा चेंडू खोबणीच्या तोंडापेक्षा मोठा असतो, त्यामुळे त्याचा बराचसा मार कड झेलते. तरीही इजा होऊ शकते, हे विसरू नये. पण विटी, गलोलीचा खडा, बॅडमिंटनचे फूल, धनुष्यबाणाचा बाण या वस्तू कडेला न लागता थेट डोळ्यावर आदळतात. वस्तू लहान म्हणजे इजा लहान, हा हिशोब डोळ्याच्या बाबतीत चालत नाही.

कागदासारख्या भिंती

खोबणीची कड जितकी मजबूत, तितक्याच तिच्या आतल्या काही भिंती नाजूक असतात. नाकाच्या बाजूची भिंत तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. शरीररचनेच्या पुस्तकांत तिचे लॅटिन नावच ‘कागदी पापुद्रा’ अशा अर्थाचे आहे. या भिंतीपलीकडे नाकाच्या पोकळ्या, म्हणजे सायनस असतात. खालच्या भिंतीखाली गालाची पोकळी असते. छताच्या वर तर थेट मेंदू असतो.

शेजार असा असल्यामुळे शेजाऱ्याचे दुखणे डोळ्याकडे यायला वेळ लागत नाही. लहान मुलाला सर्दी-पडसे होते, मग ताप येतो आणि एका डोळ्याची पापणी सुजून लाल होते. घरच्यांना वाटते किडा चावला किंवा रांजणवाडी झाली. रांजणवाडी ही पापणीच्या कडेची पुळी असते आणि मूल एरवी खेळत असते. पण तापाबरोबर सूज असेल, डोळा पुढे आल्यासारखा दिसत असेल, फिरवताना दुखत असेल किंवा कमी दिसत असेल, तर सायनसमधला जंतुसंसर्ग भिंत ओलांडून खोबणीत शिरला आहे असे समजावे. अशा मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात दाखल करावे लागते.

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे ‘काळी बुरशी’ हा शब्द घराघरांत पोहोचला. म्युकर नावाची ही बुरशी नाकातून सायनसमध्ये आणि तिथून याच पातळ भिंतीतून व रक्तवाहिन्यांवाटे डोळ्याच्या खोबणीत शिरत असे. मधुमेह आटोक्यात नसलेल्या आणि स्टेरॉईड घेतलेल्या रुग्णांना ती अधिक झाली. कित्येकांचा जीव वाचवण्यासाठी डोळा काढून टाकावा लागला. कोरोनाची लाट ओसरली, पण बुरशी व मधुमेह दोन्ही आहेत. मधुमेह्याचा गाल बधिर झाला, नाकातून काळपट स्राव आला आणि डोळा सुजला, तर ती सर्दी समजू नये.

आता मुक्कामाराचे पाहू. डोळ्यावर जोरात ठोसा बसला की खोबणीतला दाब एकदम वाढतो आणि खालची किंवा नाकाकडची पातळ भिंत फुटते. घरातला फ्यूज उडतो तसेच हे आहे. भिंत तुटते, पण पुष्कळदा डोळ्याचा गोळा वाचतो. अशा रुग्णाला एकाच्या दोन वस्तू दिसतात, गाल व वरचे दात बधिर होतात, डोळा किंचित आत गेल्यासारखा वाटतो. गाल बधिर होण्याचे कारण म्हणजे गालाची संवेदना नेणारी नस याच खालच्या भिंतीतून जाते. डोळ्याला असा मार लागल्यावर नाक शिंकरू नये. शिंकरल्यास नाकातली हवा फटीतून खोबणीत शिरते आणि डोळा फुगतो.

लहान मुलांत हा प्रकार फसवा असतो. त्यांची हाडे कोवळ्या फांदीसारखी लवचिक असतात. भिंत चिरते, स्नायू फटीत अडकतो आणि हाड परत मिटते. बाहेरून डोळा पांढरास्वच्छ दिसतो, सूजही फारशी नसते. पण मुलाला वर बघता येत नाही, ते उलट्या करते, मलूल पडते. डोक्याला मार लागला म्हणून सगळे डोक्याचीच चिंता करतात. अडकलेला स्नायू लवकर मोकळा केला नाही तर तो कायमचा दुबळा होतो.

चरबीची गादी आणि सहा दोऱ्या

डोळा हाडावर टेकलेला नसतो, चरबीच्या मऊ गादीवर बसलेला असतो. त्याला सहा स्नायू दोऱ्यांसारखे जोडलेले असतात. चार सरळ आणि दोन तिरपे. तिरप्यांपैकी वरचा स्नायू नाकाजवळच्या एका छोट्या कडीतून वळून जातो, विहिरीवरच्या रहाटावरून दोर जावा तसा. दोन्ही डोळ्यांचे मिळून बारा स्नायू एकमेकांशी जुळवून काम करतात, म्हणून आपल्याला दोन डोळ्यांनी एकच वस्तू दिसते. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला एकाएकी दोन-दोन दिसू लागले तर या स्नायूंच्या नसांवर परिणाम झालेला असू शकतो. तो चष्म्याचा नंबर वाढल्याचा प्रकार नव्हे.

डोळ्याच्या मागून निघणारी दृष्टीची नस खोबणीच्या टोकाशी असलेल्या भोकातून मेंदूकडे जाते. तिच्यात दहा ते बारा लाख तंतू असतात. डोळ्यापासून त्या भोकापर्यंतचे अंतर सुमारे दोन सेंटिमीटर असते, पण नस अडीच ते तीन सेंटिमीटर लांब असते. ही ढील मुद्दाम ठेवलेली आहे, नाहीतर डोळा फिरवताच नस ताणली गेली असती.

खोबण ही चारी बाजूंनी बंद पेटी असल्यामुळे आत काहीही वाढले तर डोळ्याला पुढे सरकण्यावाचून वाट नसते. थायरॉईडच्या काही रुग्णांत खोबणीतले स्नायू व चरबी सुजतात आणि डोळे बटबटीत दिसू लागतात. धूम्रपानाने हा विकार अधिक बळावतो. एकच डोळा पुढे येऊ लागला तर आत गाठ नाही ना, हे तपासावेच लागते.

याच्या उलट प्रकार आपल्या घरातल्या आज्यांना चांगला ठाऊक असतो. जुलाबांनी बाळ मलूल झाले की त्या म्हणतात, ‘पोराचे डोळे खोल गेले.’ हे निरीक्षण अगदी बरोबर आहे. शरीरातले पाणी कमी झाले की डोळे खोबणीत आत ओढल्यासारखे दिसतात. जुलाब झालेल्या बाळाचे डोळे खोल गेलेले दिसले की ओआरएसचे पाणी चमच्याचमच्याने पाजत पाजतच दवाखाना गाठावा. मूल पाणी घेत नसेल किंवा सुस्त असेल तर सलाईन लागू शकते.

उघड्या दाराचे राखणदार

चार भिंती झाल्या. पाचवी बाजू, म्हणजे समोरची, उघडी असते. तिथे हाड नाही. तिथली राखण भुवई, पापण्या आणि अश्रू करतात. आपण मिनिटाला सुमारे पंधरा वेळा पापणी लववतो. मोबाईल किंवा संगणकाकडे एकटक पाहताना हे प्रमाण बरेच घटते, म्हणूनच डोळे कोरडे पडून चुरचुरतात.

पापणीच्या आतल्या बाजूला एक पातळ गुलाबी अस्तर असते. तेच पुढे वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पसरते. त्यामुळे पापणी आणि डोळा यांच्यामध्ये एक बंद खिसा तयार होतो. डोळ्यात गेलेले कुसळ किंवा कीटक डोळ्याच्या मागे जाऊन मेंदूत शिरेल अशी भीती अनेकांना असते. तसे होत नाही, कारण हा खिसा मागून शिवलेला आहे. कुसळ बहुधा वरच्या पापणीच्या आत चिकटून बसते आणि प्रत्येक वेळी पापणी लवली की बुबुळाला ओरखडते. म्हणून डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्यात डोळा उघडझाप करावा. तरीही खुपत राहिले तर डॉक्टरकडून पापणी उलटून पाहून घ्यावी.

‘डोळे येणे’ हा याच अस्तराचा आजार. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात त्याची मोठी साथ आली होती. डोळे लाल होतात, चिपडे येतात, पण चिपडे पुसल्यावर नजर साफ असते. नजर धूसर होत असेल, उजेड अजिबात सहन होत नसेल आणि डोळा आतून दुखत असेल, तर ते नुसते डोळे येणे नव्हे.

अश्रूंची ग्रंथी खोबणीच्या वरच्या, बाहेरच्या कोपऱ्यात असते. अश्रू डोळ्यावरून वाहत नाकाकडच्या कोपऱ्यात येतात आणि तिथल्या दोन बारीक छिद्रांतून नळीवाटे नाकात उतरतात. रडताना नाक वाहते ते यामुळेच. डोळ्यात टाकलेले औषध घशात कडू लागते तेही यामुळेच. पापणीच्या खिशात एका थेंबापेक्षा जास्त मावतच नाही. तीन-चार थेंब टाकणे म्हणजे औषध गालावर सांडणे. एकच थेंब टाकावा, डोळा मिटावा आणि नाकाकडचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरावा. औषध डोळ्यात राहते.

गोळ्याच्या आत

घड्याळावर काच असते तशी बुबुळावर एक पारदर्शक काच असते. तिला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. तिची जाडी मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर. काच स्वच्छ राहावी म्हणून निसर्गाने तिच्यात एकही रक्तवाहिनी ठेवलेली नाही. तिला प्राणवायू अश्रूंतून, म्हणजे बाहेरच्या हवेतून मिळतो. रक्तपुरवठा नसल्यामुळे जखम झाली तर तिथे मदत उशिरा पोहोचते, आणि खोल जखम भरली तरी पांढरा वण राहतो. त्यालाच आपण ‘फूल पडले’ म्हणतो.

पारपटलामागे पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या चाळणीतून निचरून जातो. निचरा तुंबला की बहुधा दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू मरते. हा काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, म्हणून चाळिशीनंतर दाब तपासून घ्यावा. घरात कोणाला काचबिंदू असेल तर नक्कीच.

त्यामागे बुबुळाचा रंगीत पडदा, त्याच्या मध्ये बाहुली, बाहुलीमागे भिंग. भिंगाची लवचिकता वयाबरोबर कमी होते आणि चाळिशीच्या सुमारास जवळचे अक्षर दिसेनासे होते. आपल्या भाषेने त्या चष्म्याचे नावच ‘चाळिशी’ ठेवले आहे. हेच भिंग पुढे गढूळ झाले की मोतीबिंदू. तो औषधाच्या थेंबांनी विरघळत नाही, शस्त्रक्रियेनेच जातो.

भिंगामागचा बहुतेक गोळा पारदर्शक जेलीने भरलेला असतो आणि सर्वांत मागे दृष्टिपटल असते. तिथे उजेड टिपणाऱ्या सुमारे बारा कोटी दंडपेशी व साठ लाख शंकुपेशी असतात. मधुमेह या पडद्याच्या रक्तवाहिन्या आतून पोखरतो आणि सुरुवातीला रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून प्रत्येक मधुमेह्याने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळा तपासून घ्यावा, मग नजर कितीही चांगली असो.

घरात, शेतात, वर्कशॉपमध्ये

आता लेखाचा मुख्य मुद्दा. समोरचे दार उघडे आहे आणि त्या दारात अर्ध्या मिलिमीटरची काच आहे. तिथे इजा झाली तर पहिल्या अर्ध्या तासात काय केले, यावर पुष्कळ काही ठरते.

चुना. पानाचा, तंबाखूचा चुना. मुले चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबून खेळतात, ती फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. चुना नुसता भाजत नाही, तो आत आत शिरत जातो. माझ्या दवाखान्यात असे मूल येते तेव्हा पहिला प्रश्न मी हाच विचारतो, ‘डोळा धुतला का?’ पुष्कळदा उत्तर येते, ‘नाही डॉक्टर, धावत तुमच्याकडेच आणला.’ हे धावणे महागात पडते. चुना गेला की त्याच जागी, त्याच क्षणी, नळाखाली किंवा तांब्याने धार धरून डोळा धुवायला लागावे. डोके दुखऱ्या डोळ्याच्या बाजूला कलते ठेवावे, म्हणजे चुन्याचे पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही. मूल ओरडेल, पण दोघांनी धरून पापण्या उघडून धुवावे. किमान वीस मिनिटे, अर्धा तास झाला तर उत्तम. पापणीच्या खिशात दिसणारे कण ओल्या कापसाने अलगद काढावेत. तूप, मध, लिंबू काही घालू नये. नंतर नेत्रतज्ज्ञाकडे जावे. ॲसिड, फिनाईल, कीटकनाशक यांनाही हाच नियम.

उसाचे पाते, भाताची ओंबी, मळणीचे कुसळ. यांच्यामुळे पारपटलावर बारीक ओरखडा उठतो आणि त्यात शेतातली बुरशी रुजते. दोन दिवस खुपते, मग डोळा लाल होतो, मग बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. या वेळी सर्वांत घातक गोष्ट म्हणजे घरात पडलेली जुनी बाटली किंवा दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टेरॉईडचे थेंब. त्यांनी लाली उतरते, दुखणे कमी होते, रुग्ण खूश होतो. आत मात्र बुरशीला रान मोकळे मिळते. काही दिवसांनी रुग्ण येतो तेव्हा बुबुळ दह्यासारखे पांढरे झालेले असते. ओरखडा त्याच दिवशी दाखवला तर साध्या औषधाने भरतो. ‘डोळ्यात तेल घालून’ पहारा करावा अशी म्हण आहे, पण ती म्हण म्हणूनच ठेवावी. डोळ्यात एरंडेल, मध, दूध किंवा पाल्याचा रस घालू नये.

लोखंडावर लोखंड. छिन्नी-हातोडा चालवताना किंवा ग्राइंडरवर उडालेली कपची इतक्या वेगाने येते की ती काच भेदून आत जाते आणि जखम टाचणीच्या टोकाएवढीही दिसत नाही. दुखते कमी, म्हणून कारागीर काम चालू ठेवतो. लोखंड आत राहिले तर गंजून दृष्टिपटलाचा नाश करते. काम करताना ‘टण्’ आवाज झाला आणि डोळ्यात काही गेल्यासारखे वाटले, तर नजर ठीक असली तरी तपासणी व एक्स-रे करून घ्यावा. वेल्डिंगवाल्यांनी काळी काच आणि ग्राइंडरवाल्यांनी साधा प्लॅस्टिकचा बंद गॉगल वापरला, तर यातले बहुतेक अपघात टळतील.

डोळा फुटला किंवा काही रुतले असेल तर नियम चुन्याच्या अगदी उलटा. धुवू नये, दाबू नये, रुतलेली वस्तू ओढू नये, औषध घालू नये. चहाचा स्वच्छ कागदी कप डोळ्यावर पालथा ठेवून, कडेने चिकटपट्टी लावावी. कपाची कड हाडावर टेकली पाहिजे, डोळ्यावर नव्हे. भूल द्यावी लागेल म्हणून खायला-प्यायला देऊ नये आणि थेट डोळ्याच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

थांबू नका, अशी लक्षणे

१. एका डोळ्याची नजर अचानक जाणे, दुखत नसले तरी. दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा बंद पडला असेल तर हिशोब तासांचा असतो.

२. डोळ्यापुढे एकाएकी काळे ठिपके, विजेसारख्या चमका किंवा पडदा सरकल्यासारखे दिसणे. दृष्टिपटल सुटत असण्याची ती खूण असते.

३. लाल डोळा, तीव्र डोकेदुखी, उलट्या आणि दिव्याभोवती रंगीत वलये. हे पित्त नसून अचानक वाढलेला डोळ्याचा दाब असू शकतो.

४. बुबुळावर पांढरा ठिपका, किंवा मार लागल्यावर बुबुळामागे रक्त साचलेले दिसणे.

५. लहान मुलाच्या बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसणे. हा डोळ्याचा कर्करोग असू शकतो आणि वेळीच उपचार झाले तर मूल वाचते.

आणि ज्याला लोक उगाच घाबरतात तो पांढऱ्या भागावरचा रक्ताचा लालभडक डाग? मार लागलेला नसेल, दुखत नसेल, नजर साफ असेल, तर तो दोन आठवड्यांत आपोआप जातो. एकदा रक्तदाब तेवढा मोजून घ्यावा.

एक प्रश्न नेहमीचा

‘डॉक्टर, सगळा डोळाच बदलता येत नाही का?’ असे पुष्कळ जण विचारतात. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये एका रुग्णावर संपूर्ण डोळ्याचे रोपण करण्यात आले. डोळा जिवंत राहिला, रक्तपुरवठाही सुरू झाला, पण दृष्टी आली नाही. कारण दृष्टीच्या नसेचे ते लाखो तंतू एकदा तुटले की पुन्हा जुळत नाहीत. नेत्रदानात आपण देतो ते मुख्यतः पारपटल. त्याचे पहिले यशस्वी रोपण १९०५ साली, सध्याच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथे डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी केले. तो रुग्ण एक मजूर होता आणि त्याचे डोळे चुन्यानेच भाजलेले होते.

पारपटलात रक्तवाहिन्या नसल्यामुळे शरीर परके पारपटल बऱ्याच अंशी स्वीकारते, आणि मृत्यूनंतर सहा तासांपर्यंत ते काढून घेता येते. चष्मा असलेली, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेली, मधुमेह असलेली माणसेही नेत्रदान करू शकतात. घरात मृत्यू झाला तर पापण्या मिटाव्यात, त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि लगेच जवळच्या नेत्रपेढीला किंवा जिल्हा रुग्णालयाला कळवावे. चेहरा विद्रूप होत नाही.

पण दुसऱ्याच्या पारपटलाची वेळच न आलेली बरी. विडा-तंबाखूच्या डब्यातला चुना आजच मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, आणि कपाटातल्या डोळ्यांच्या औषधांच्या जुन्या बाटल्या टाकून द्या. बाटली उघडून महिना झाला असेल तर तिच्यावरची तारीख पाहण्याचेही कारण नाही.